खडूची चुकलेली फुली

मित्रांनो, मी एक जुना पेचकस आहे. हातभर लांबीचा, पोलादी अंगाचा, लाकडी मुठीचा. एका मोटारींच्या गॅरेजात भिंतीवरच्या फळीत तिसऱ्या खाचेत माझी जागा आहे. आपली कहाणी सांगायला बसलं की प्रत्येकाला आधी आपला तोरा मिरवावासा वाटतो. मीही थोडा मिरवणार आहे, कारण जित्याची खोड सहजी जात नाही. पण जे खरं सांगायचं आहे ते सांगताना मला मान खाली घालावी लागणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. भट्टीत लालबुंद होईपर्यंत तापवून मला ठोकलं, तेलात बुडवून थंड केलं, टोक घासून चपटं केलं आणि मागे कठीण लाकडाची मूठ घट्ट बसवली. मग मी एका हार्डवेअरच्या दुकानात भावंडांबरोबर पडून राहिलो. एके दिवशी एक तरुण माणूस आला. त्याने आम्हाला एकेक करून उचललं, टोक दुकानदाराच्या टेबलावरच्या घड्याळाला टेकवलं, मूठ आपल्या कानाला लावली आणि डोळे मिटले. असे त्याने सात पेचकस पाहिले. दुकानदार वैतागून म्हणाला, "अहो, पेचकस घ्यायचाय की किती वाजले ते विचारायचंय?"

"वाजले किती ते दिसतंय," तो तरुण म्हणाला, "घड्याळाच्या पोटात काय चाललंय ते ऐकतोय. हा द्या." तो 'हा' म्हणजे मी. हे आमचे मिस्त्री.

मिस्त्रींनी मला स्क्रू फिरवायला फारसं कधी वापरलं नाही. त्या कामाला माझे धाकटे भाऊ होते. माझं काम ऐकण्याचं होतं. चालू इंजिनाच्या ज्या भागावर माझं टोक टेकवाल, त्या भागाचा आवाज माझ्या अंगातून चढत मुठीत येतो आणि मुठीतून कानात. बाहेर उभं राहून ऐकलं तर सगळा गलकाच. माझ्यातून ऐकलं तर प्रत्येक भाग आपापलं दुखणं वेगळं सांगतो.

तुम्हाला वाटेल, यात काय मोठंसं? तर थंडीच्या दिवसांतल्या सकाळची गंमत ऐका. रात्रभर गारठलेल्या इंजिनात तेल घट्ट झालेलं असतं, लोखंड आक्रसलेलं असतं, फटी रुंदावलेल्या असतात. किल्ली फिरवली की पहिली दोन-तीन मिनिटं इंजिन कुरकुरतं, खडखडतं, ठोके देतं. मग ते गरम होतं, फटी बुजतात आणि स्वारी अशी साळसूद होते की जणू त्या गावचीच नाही. गाडीवाला घाबरून गॅरेज गाठेपर्यंत आवाज गायब! मग तो बिचारा तोंडाने आवाज काढून दाखवतो. एक जाडे गृहस्थ गाल फुगवून 'टुक टुक टुक' करत गाडीभोवती फिरले होते. एक बाई म्हणाल्या होत्या, "डब्यात चमचा विसरून डबा हलवला तर होतो ना, तसा. पण रागावलेला."

म्हणून मिस्त्रींचा नेम होता. थंडीत आवाज करणारी गाडी रात्री गॅरेजात मुक्कामाला ठेवायची. सकाळी ते आल्याशिवाय तिच्या किल्लीला कुणी हात लावायचा नाही. ते आले की रेडिओ बंद, हातोडी बंद, बोलणं बंद. एका सकाळी एक थंड इंजिन एकदाच ऐकता येतं. चुकलं तर दुसरी सकाळच उजाडावी लागते. मिस्त्री बॉनेटवर वाकायचे, त्यांची लेक किल्ली फिरवायची, आणि मी एका भागावरून दुसऱ्या भागावर जायचो. मिस्त्री कधी बोलून निदान सांगत नसत. खिशातून खडू काढून दुखऱ्या भागावर एक फुली मारायचे. ती फुली म्हणजे शेवटचा शब्द. पंचवीस वर्षांत ती चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

लोक त्यांना 'कानवाले मिस्त्री' म्हणत. लांबलांबून गाड्या येत. लोक मला बोटाने दाखवत, "हाच का तो?" म्हणून विचारत. माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. मी पान्यांशी आणि पकडींशी बोलेनासा झालो. ऐकणारे कान मिस्त्रींचे होते, हे मी हळूहळू विसरलो.

आता मिस्त्रींच्या लेकीबद्दल सांगतो. ती त्यांच्या हाताखालीच शिकून तयार झालेली, तिशीतली, कामात वाघीण. गिअरबॉक्स उघडून परत बसवण्यात ती बापाच्याही पुढे गेली होती, आणि हे मिस्त्री स्वतः चारचौघांत सांगायचे. पण मला हात लावताना तीही जरा बिचकायची. मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी तिला बजावलं होतं, "पेचकस तो पेचकस. त्याची पहार करायची नाही. आणि हा तर पेचकससुद्धा नाही, हा माझा कान आहे."

एकदा हिवाळ्याच्या तोंडावर तिच्याकडे एक गाडी होती. गंजून जाम झालेली एक पट्टी काही केल्या हलेना. पहार दुसऱ्या गाडीखाली अडकलेली, गिऱ्हाईक दारात उभं राहून घड्याळ पाहत होतं. तिने इकडे तिकडे पाहिलं आणि मला उचलून फटीत खुपसलं. जोर लावला. पट्टी सुटली, आणि त्याच क्षणी माझ्या मुठीतून 'कट्' असा आवाज आला. लाकूड वरपासून अर्ध्यापर्यंत तडकलं होतं. माझं पोलाद आत सैल झालं होतं.

तिचा चेहरा पडला. मिस्त्री बाहेर गिऱ्हाइकाशी बोलत होते. तिने घाईघाईने काळी चिकटपट्टी आणली, माझ्या मुठीवर नीट, एकसारखी गुंडाळली आणि मला खाचेत ठेवून दिलं. संध्याकाळी सांगू, असं ती स्वतःशीच पुटपुटली होती, मी ऐकलं. पण संध्याकाळी मिस्त्री खुशीत होते, त्यांचा आनंद कशाला घालवायचा म्हणून ती थांबली. दुसऱ्या दिवशी ते शिळं झालं होतं. तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनीच मला हातात घेऊन विचारलं, "ही पट्टी कसली गं?"

"मूठ घसरत होती बाबा. तेलकट हाताने धरायला बरी पडते."

"छान केलंस," मिस्त्री म्हणाले.

ती लालेलाल झाली आणि गाडीखाली सरकली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ झाकली गेली होती, आणि खरं सांगू का, मलाही ते सोयीचं वाटलं. तडकलेला पेचकस फळीत कोण ठेवतं?

थंडी पडली. मिस्त्रींनी मला पहिल्यांदा कानाला लावलं तेव्हाच त्यांच्या कपाळावर आठी उमटली. आवाज माझ्या अंगातून चढत होता, पण भेगेशी येऊन विरत होता. वर पोचत होती ती नुसती गुणगुण. मिस्त्रींनी कान बदलला. दुसऱ्या दिवशी टायरांच्या ढिगाच्या आडोशाला जाऊन त्यांनी कानात तेलाचे थेंब घातले, मान वाकडी करून पाच मिनिटं उभे राहिले. त्यांच्या मनात हत्याराचा संशय आला नाही, स्वतःच्या वयाचा आला. पहिल्या दोन-तीन गाड्या त्यांनी अनुभवाच्या जोरावर निभावून नेल्या. दुखणी साधी होती.

मग आले गुरांचे डॉक्टर.

ते आमचे जुने गिऱ्हाईक, हसतमुख माणूस. "मिस्त्री, आपली जात एकच," ते नेहमी म्हणायचे, "तुमचाही पेशंट बोलत नाही, माझाही नाही. आपण नळी लावायची आणि अंदाज बांधायचा." पण या खेपेला ते काळजीत होते. सकाळी गाडी चालू केली की पुढच्या बाजूने खडखड येते, दोन मिनिटांत थांबते. "हल्ली रोज उठून कुठल्या ना कुठल्या गोठ्यात जावं लागतंय. विण्याचा हंगाम आहे. माझी गाडी अडली, तर तिकडे जनावर अडतं हो."

गाडी मुक्कामाला राहिली. सकाळी डॉक्टर आपली बॅग घेऊन हजर झाले. आणखी दोन गिऱ्हाइकं तमाशा पाहायला थांबली. लेकीने किल्ली फिरवली. खडखड सगळ्यांनाच ऐकू येत होती. ती नेमकी कुठली, हा प्रश्न होता.

मिस्त्रींनी मला आधी इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणावर टेकवलं. त्याच्या आत झडपा हलवणारे टॅपेट असतात. ते थोडे बोलत होते, या वयात सगळेच बोलतात. मग पाण्याच्या पंपावर. तो ठीक होता. मग पट्टा ताणून धरणाऱ्या छोट्या चाकीवर. आणि मित्रांनो, तिथे माझं अंग शहारलं. त्या चाकीच्या बेअरिंगमधलं वंगण सुकून गेलं होतं, आतल्या गोळ्या दळणात खडा आल्यासारख्या भरडत होत्या. मी तो आवाज इतका स्पष्ट घेतला की काय सांगू! तो माझ्या टोकातून निघाला, वर चढला, आणि भेगेत मेला.

मिस्त्रींनी मूठ कानावर इतकी दाबली की कानाची पाळी लाल झाली. पुन्हा झाकणावर, पुन्हा चाकीवर. कान बदलला. तेवढ्यात इंजिन गरम झालं आणि खडखड थांबली.

"काय म्हणतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

मिस्त्रींनी फडक्याने हात पुसले. 'ऐकू आलं नाही, उद्या पुन्हा पाहू' एवढंच म्हणायचं होतं. पण पंचवीस वर्षांत त्यांनी ते कधी म्हटलं नव्हतं, आणि समोर चार माणसं उभी होती. त्यांनी खिशातून खडू काढला आणि टॅपेटच्या झाकणावर फुली मारली. वडाची साल पिंपळाला लागली.

टॅपेट जुळवून गाडी त्याच दिवशी गेली. दोन दिवसांनी डॉक्टरांचा फोन आला, की थोडा आवाज अजून येतो. मिस्त्री म्हणाले, "थंडीत तेल वर चढायला वेळ लागतो. काळजी करू नका." फोन ठेवल्यावर ते बराच वेळ फोनकडेच पाहत बसले.

सहाव्या दिवशी ती गाडी दुसऱ्या गाडीला दोर बांधून ओढत आणली. झुंजूमुंजू व्हायच्या सुमारास निर्जन रस्त्यावर ती चाकी जाम झाली होती, पट्टा उडाला होता, पाणी फिरायचं थांबून इंजिन उकळलं होतं. डॉक्टर बॅग खांद्यावर टाकून उरलेली वाट चालत गेले होते. पहिलारू गाय होती, वासरू आडवं आलं होतं.

"गाय वाचली," डॉक्टर म्हणाले. "वासरू गेलं. अर्धा तास आधी पोचलो असतो, तर..." त्यांच्या बाह्यांवर अजून डाग होते.

बॉनेट उघडलं. झाकणावरची खडूची फुली तशीच पांढरीशुभ्र होती, आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर ती चाकी जळून काळी पडली होती. मिस्त्रींनी तिला हात लावला तर ती सैल दातासारखी हलली. ते सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "माझे कान गेले, डॉक्टर. म्हातारा झालो."

डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "वयापुढे कोण काय करणार, मिस्त्री," ते म्हणाले. लेक टायरांच्या ढिगापाशी उभी होती. तिचे डोळे भरून आले होते, बापाच्या म्हातारपणामुळे. तिला अजून काही कळलेलं नव्हतं.

मला मात्र सगळं कळलं होतं. आणि आता माझ्या लाजेची खरी गोष्ट सांगतो. त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. आळ कानांवर गेला, वयावर गेला, माझ्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. करून सवरून मी नामानिराळा! तिकडे एक गाय आपलं वासरू हुंगत उभी असेल, इथे एक माणूस आपली विद्या गेली म्हणून खचला आहे, आणि मी मनात म्हणतोय, बरं झालं, वाचलो.

मिस्त्रींनी मला खणात तळाशी टाकलं. ते आता दारात खुर्ची टाकून बसत आणि डब्यांमध्ये नटबोल्ट मापाप्रमाणे लावत. थंडीचा आवाज घेऊन कुणी आलं की म्हणत, "दुसरीकडे दाखवा." लोक त्यांच्याशी मोठ्याने ओरडून बोलू लागले. त्यांना सगळं नीट ऐकू येत होतं, तरी तेही हळूहळू कानामागे हात धरून "काय?" विचारायला लागले. माणसाला बहिरं ठरवलं की तो बहिऱ्यासारखा वागू लागतो. लेकसुद्धा "बाबा, जेवायला चला!" असं अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणायची. खणाच्या फटीतून मला हे सारं ऐकू यायचं.

महिनाभराने एका सकाळी लेकीने एका मुक्कामी गाडीची किल्ली फिरवली. आतून ठोका येत होता. कुठून, ते तिला समजेना. तिने खण उघडून मला काढलं, इंजिनावर टेकवलं आणि मूठ स्वतःच्या कानाला लावली. तिचे कान तरुण, तिखट. तिला नुसती गुणगुण ऐकू आली.

ती थबकली. कान बदलला. मग अंगठ्याने माझ्या मुठीवरची पट्टी दाबून पाहिली. आतलं लाकूड हललं. तिने मला खाली ठेवलं, कोपऱ्यातली एक साधी लोखंडी सळई उचलली, तिचं टोक त्याच जागी टेकवलं आणि कान लावला. ठोका खणखणीत ऐकू आला असावा, कारण तिने सळई हातातून टाकली. गाडी बंद केली आणि ती जमिनीवरच बसली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं होतं.

पण ती उठली, मित्रांनो. तोंड धुऊन आली आणि मला घेऊन सरळ दाराशी गेली.

"बाबा, तुमचे कान चांगले आहेत."

"काय?" मिस्त्री सवयीने म्हणाले.

"ओरडत नाही मी. हळू बोलतेय. ऐकू येतंय ना? हा तडकलाय. मी तडकवलाय. हिवाळ्याआधी. पहार सापडत नव्हती म्हणून ह्याला वापरलं आणि पट्टी गुंडाळून तुम्हाला खोटं सांगितलं. ते वासरू माझ्यामुळे गेलं, बाबा."

मिस्त्रींनी मला हातात घेतलं. नखाने पट्टीचं टोक सोडवलं आणि सावकाश उलगडत गेले. भेग उघडी पडली. मला वाटलं, आता ते रागावतील, मला भंगारात फेकतील. किंवा निदान त्यांना आनंद होईल, कान शाबूत आहेत म्हणून. दोन्ही झालं नाही. त्यांचा चेहरा आणखीच उतरला.

"कान गेले होते, तेच बरं होतं," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे, महिनाभर मी वयाच्या आड लपलो होतो. तू ह्याला तडकवलंस, ते चुकलंच, आणि खोटं बोललीस ते त्याहून चुकलं. पण त्या दिवशी मला ऐकू आलं नव्हतं, हे मला माहीत होतं. मूठ तडकली होती गं, माझी जीभ तर नव्हती तडकली! न ऐकता फुली मारली मी. चार लोक बघत होते म्हणून."

दोघंही रडत होती. मी मधे पडून होतो.

त्याच आठवड्यात डॉक्टर तेल बदलायला आले. मिस्त्री खुर्चीवरून उठले. लेक मला घेऊन पुढे आली, डॉक्टरांना भेग दाखवायला. मिस्त्रींनी मला तिच्या हातातून काढून घेतलं आणि टेबलावर ठेवलं. "ह्याला मधे आणू नकोस," ते म्हणाले. "हा आला की सगळा दोष ह्याच्यावर जाईल." मग त्यांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, काही सजवलं नाही. लेकीनेही आपला भाग स्वतःच्या तोंडाने सांगितला.

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर नेहमीचं हसू नव्हतं. ते म्हणाले, "मला सांगितलंत. त्या गोठ्यात सांगाल?"

मिस्त्रींनी टोपी घातली. लेकीने हात पुसले. तिघं त्याच गाडीत बसून गेले. मी टेबलावर राहिलो. ते परत आले तेव्हा ऊन उतरलं होतं. तिथे काय झालं, कुणी शिव्या दिल्या की कुणी पाणी विचारलं, हे ती दोघं बोलली नाहीत आणि मला आजपर्यंत कळलेलं नाही. मिस्त्रींनी फक्त खूप वेळ हात धुतले.

पुढे सुताराने मला नवी मूठ बसवली आणि मी पुन्हा तिसऱ्या खाचेत आलो. मिस्त्री पुन्हा ऐकतात. लेकही ऐकते. लोक पुन्हा मला बोटाने दाखवतात, पण माझ्या अंगावर आता मांस चढत नाही.

मित्रांनो, हत्यारं जपा, ज्याचं काम त्यालाच द्या, तडकलेल्यावर पट्टी गुंडाळू नका, हे तर मी सांगणारच. म्हाताऱ्या पेचकसाने दुसरं काय सांगायचं? पण आणखी एक कबुली राहिली आहे. मला तोंड नव्हतं म्हणून मी गप्प राहिलो, असं मी स्वतःची समजूत घालत आलो. तोंड असतं तर बोललो असतो का? किती तरी थंड सकाळी मी हा प्रश्न स्वतःला विचारला आहे. नसतो बोललो. मला फळीतली जागा प्यारी होती.

तुम्हाला तोंड आहे आणि पायही आहेत. तुमच्या हातून काही तडकलं असेल, किंवा ऐकू न येताच तुम्ही मान हलवली असेल, तर संध्याकाळची वाट पाहू नका. आत्ता उठा आणि जाऊन सांगा. कुठल्या तरी गोठ्यात अजून वेळ असेल.